पिवळं अंगण, स्वच्छ मन

आमच्या मुरांगी गावात सही करून दिलेला शब्द मोडता येतो, त्यासाठी वकील असतात. पण 'चिंता नको' म्हणून दिलेला शब्द मोडता येत नाही. समोरच्या घरातल्या थेल्मानं नाताळच्या दुसऱ्या दिवशी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "डेस, मी येईपर्यंत लॉनकडे बघशील ना? टेगनचं लग्न त्याच्यावरच लावायचंय." मी आदल्या दिवशीच्या उरलेल्या हॅमचं सँडविच खात होतो. मी म्हणालो, "चिंता नको." तोंडात घास नसता तर मी जरा लांबलचक वाक्य बोललो असतो आणि त्यात कुठेतरी एखादी पळवाट ठेवली असती.

थेल्मा एकटी राहते. ती होबार्टला लेकीकडे निघाली होती. टेगन ही तिची एकुलती एक नात, आणि तिचं लग्न जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आजीच्या अंगणात व्हायचं ठरलं होतं. जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथेच मुक्काम करतो. अशा दिवसांत बागेतलं लग्न कुणाला सुचतं, असा प्रश्न पडू शकेल. सुचतं, कारण प्रेमात पडलेली माणसं हवामानखात्याचं ऐकत नाहीत.

माझी चिंता मात्र वेगळी होती. मी मुरांगी बाग मंडळाचा परीक्षक आहे. दर वर्षी बागांच्या स्पर्धेत कुणाची हिरवळ खरी आणि कुणाची दिखाऊ हे मी ठरवतो. गेल्या वर्षी ग्लेनिसचं टांगतं फर्न मी बाद केलं, कारण त्यातली दोन पानं प्लॅस्टिकची निघाली. गावात बराच गहजब झाला, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. अशा माणसाच्या हाती सोपवलेली हिरवळ वाळली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

सुरुवात चांगली झाली. पाणीकपातीचा तिसरा टप्पा चालू होता. सम क्रमांकाच्या घरांनी सम तारखेला पाणी घालायचं, विषम घरांनी विषम तारखेला, सकाळच्या वेळात, तेही नळी हातात धरून. आमचं घर सम, थेल्माचं विषम. त्यामुळे एक दिवस मी आमच्या अंगणात नळी धरून उभा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या. मग एकतीस तारखेला लागून एक तारीख आली, विषम घरांना लागोपाठ दोन दिवस मिळाले आणि सम घरं तहानलेली राहिली. हा अन्याय मी नगरपालिकेच्या नजरेस आणून दिला. एकतीस दिवसांचे महिने ही बाब आमच्या अखत्यारीत येत नाही, असं त्यांचं उत्तर आलं.

नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात चौथा टप्पा आला. लॉनला नळाचं पाणी साफ बंद. आणि आमच्या महिला मंडळानं त्याची मोहीमच करून टाकली. मंडळाची अध्यक्षा थेल्मा. तिनं होबार्टहून फोनवर ठराव मंजूर केला आणि गावातल्या फाटकांवर पाट्या लागल्या: 'पिवळं अंगण, स्वच्छ मन'. पहिली पाटी अर्थातच अध्यक्षांच्या फाटकाला. मंडळाची चिटणीस ग्लेनिस स्वतः ती ठोकायला आली. माझ्याकडे न बघता तिनं चार स्क्रू पिळले. त्यातला प्रत्येक स्क्रू माझ्या नावानं पिळला असावा.

मी थेल्माला फोन केला.

"थेल्मा, लॉनला पाणी बंद झालंय."

"ऐकलं मी. ठरावच केलाय ना आम्ही."

"मग लग्नाचं काय?"

"जमेल तेवढं बघ, डेस. नाही जमलं तर नाही."

आता मुरांगीत उभा जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'नाही जमलं तर नाही' म्हणजे जमवच. जिला खरोखरच फरक पडत नाही ती बाई दहा सूचना देते. जिचा जीव अडकलेला असतो ती 'नाही जमलं तर नाही' म्हणते आणि फोन ठेवते. मी बायकोला, नोएलीनला, हे सांगितलं. ती म्हणाली, "मला तर वाटतं, तिला नाही जमलं तर नाही असंच म्हणायचं असेल." नोएलीन मूळची मेलबर्नची. तिला इथे येऊन चाळीसच वर्षं झालीत.

एकदा वापरलेलं पाणी लॉनला चालेल, असं नियमात बारीक अक्षरांत होतं. बारीक अक्षरं वाचणारा गावात मी एकटाच. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीघरात बादली आली. माणूस अंघोळ करणार, पाय बादलीत ठेवणार, बादली भरली की मी ती उचलणार आणि ड्रेसिंग गाऊनमध्ये रस्ता ओलांडून थेल्माच्या अंगणात रिकामी करणार.

"नोएलीन, झालं का?"

"आत्ता कुठे साबण लावलाय."

"साबण जरा कमी लाव. गवताला मानवत नाही."

"डेस, दारापासून हल."

संसारात अशी वाक्यं मनाला लावून घ्यायची नसतात. मी दारापासून हललो आणि खिडकीपाशी थांबलो.

दोन अंघोळींच्या पाण्यावर एवढं मोठं लॉन जगत नाही. शेजारीपाजारी सल्ले द्यायला लागले. आमच्या डाव्या अंगाला मर्व राहतो. निवृत्त झाल्यापासून तो कुंपणाला टेकून असतो. कुंपण आता आमच्या बाजूला चांगलंच कललंय, पण मैत्रीखातर मी काही बोलत नाही.

"बिअर ओत," मर्व म्हणाला. "गवताला बिअरसारखं दुसरं काही नाही. माझा काका सांगायचा."

"तू ओततोस?"

"मी कशाला ओतू? मी पितो."

कोपऱ्यावरचा कार्मेलो मला हात धरून स्वतःच्या अंगणात घेऊन गेला. त्यानं पुढचं अख्खं अंगण काँक्रीटचं करून हिरवं रंगवलंय. एका बाजूला टोमॅटो, मधोमध हिरवंगार काँक्रीट आणि त्यावर खुर्ची टाकून कार्मेलो.

"वीस वर्षं झाली," तो म्हणाला. "पाणी नाही, खत नाही, कापणी नाही. दर नाताळाला रंगाचा एक हात मारतो, बस्स."

"अरे, पण हे काँक्रीट आहे."

"म्हणून तर मरत नाही, बाबा."

परीक्षक या नात्यानं मी तिथे जास्त वेळ थांबलो नाही.

माझी खरी आशा होती नोएलीनच्या गुडघ्यांवर. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात बसते. अख्खा टब! शॉवरखालच्या बादलीपुढे तो म्हणजे धरणच. मी त्यातून बादल्या भरभरून थेल्माच्या लॉनवर ओतायला सुरुवात केली. गवत पिवळं पडलं. मी आणखी ओतलं. गवत राखाडी झालं, तेही गोल गोल चकत्यांमध्ये, आणि गंमत म्हणजे जिथे पाणी सगळ्यात जास्त पडत होतं तिथेच ते सगळ्यात आधी मरत होतं. माझा इतक्या वर्षांचा अनुभव मला सांगत होता की पाणी कमी पडतंय.

"डेस," एका संध्याकाळी नोएलीन टबातून म्हणाली, "हे पाणी तू थेल्माकडे नेतोस?"

"मग काय? एक थेंब वाया घालवत नाही."

"यात मी रोज अर्धी पिशवी मीठ टाकते, हे तुला माहीत आहे ना?"

जुन्या काळी राजे शत्रूची जमीन ओसाड करायला तिच्यात मीठ पेरत, असं वाचलं होतं. पण ते निदान शत्रूची जमीन निवडत. मी बादली खाली ठेवली आणि टबाच्या काठावर बसलो. नोएलीननं माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. त्या क्षणी मला रडू आलं असतं, पण पाण्याचा आणखी अपव्यय नको म्हणून मी ते आवरलं.

लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. रात्रभर मला झोप नाही. डोळे मिटले की कार्मेलोचं अंगण दिसायचं.

लॉनला मारायचा रंग मिळतो. आम्हा बागवाल्यांमध्ये त्याचं नाव काढत नाहीत, पण मिळतो. मुरांगीत विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून मी गाडी काढून दोन गावं पलीकडे गेलो. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या गावचे?"

"प्रवासी आहे."

"प्रवासात लॉन सोबत घेऊन फिरता?"

मी रंग घेतला आणि उरलेले पैसे न मोजता बाहेर पडलो. डब्यावर छटेचं नाव होतं 'वसंतपालवी'.

दुसऱ्या दिवशी पहाटे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन मी कामाला लागलो. गवताचं काम उत्तम झालं. तक्रार करायचीच तर वाऱ्याबद्दल. थेल्माची पांढरी पत्रपेटी एका अंगानं वसंतात शिरली. तिच्या बागेतल्या सिमेंटच्या बुटक्या म्हाताऱ्याची दाढी हिरवी झाली. मी टर्पेंटाइननं ती पुसत असतानाच पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा मुळं उकरायला लॉनवर उतरला. रंग अजून ओला होता. मी हाकलल्यावर ते उडाले तेव्हा त्यांची पोटं हिरवीगार होती. त्याच आठवड्यात आमच्या स्थानिक पेपरात पक्षीमित्र मंडळाच्या कार्यवाहांचं पत्र आलं. उत्तर व्हिक्टोरियात काकाकुव्यांची नवी जात आढळल्याचा दावा त्यात होता. मी ते पत्र शांतपणे वाचलं आणि पानाची घडी केली. एखाद्याचा आनंद हिरावून घ्यायचा मला काय अधिकार?

उन्हं वर आली आणि मी अंगणाचा फोटो काढून थेल्माला पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं: 'खूपच हिरवं दिसतंय.'

मी नोएलीनला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'खूपच' असं लिहिलंय?" नोएलीननं विचारलं.

"हो. खूपच."

"डेस, थेल्माच्या तोंडी मी कधी 'खूपच' ऐकलेलं नाही."

बायकांना दुसऱ्याचं कौतुक ऐकवत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्याच सोमवारी पाणीखात्याची गाडी थेल्माच्या दारात येऊन थांबली. गाडीतून जनीन नावाची निरीक्षक उतरली. तिच्या हातात एक लांब सळई होती आणि सळईच्या टोकाला काटा असलेली तबकडी.

"या घराची तक्रार आलीय," ती म्हणाली. "चोरून पाणी घातलं जातंय म्हणून."

"कुणी केली?"

"ते सांगत नाही आम्ही." तिनं लॉन नजरेखालून घातलं, मग रस्त्यावरची बाकीची अंगणं बघितली. गव्हाच्या काडासारखं सगळं पिवळं, आणि मधोमध थेल्माचं अंगण बिलियर्डच्या टेबलासारखं. फाटकावर पाटी: 'पिवळं अंगण, स्वच्छ मन'. जनीन पाटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"तुम्ही बघता याच्याकडे?"

"हो."

"नळाचं पाणी घालता?"

"एक थेंबही नाही."

तिनं सळई जमिनीत खुपसायचा प्रयत्न केला. सळई शिरेना. तिनं दुसरीकडे खुपसून बघितली, तिसरीकडे खुपसून बघितली, मग गाडीतून हातोडा आणला. काटा शून्यावरून हलला नाही.

"माती दगडासारखी कोरडी आहे," ती म्हणाली.

"असणारच."

"मग गवत हिरवं कसं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण रस्त्याच्या पलीकडे ग्लेनिस कुत्र्याला फिरवत होती आणि कुत्रा थांबलेला नसताना ती थांबली होती. प्लॅस्टिकची ती दोन पानं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी तोंड मिटलं.

"निसर्ग," मी म्हणालो.

जनीननं नोंद केली: उल्लंघन आढळले नाही, हिरवेपणाचे कारण अज्ञात. एक प्रत माझ्या हातात दिली आणि ती गेली. या एका नोंदीनं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं दंडानंही केलं नसतं. दंड झाला असता तर गाव म्हणालं असतं, सापडला बिचारा. आता गाव म्हणू लागलं की डेस बेट्यानं पाणीखातंच खिशात घातलं. कुणी म्हणालं, हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवतात त्या क्लबपासून रस्त्याखालून पाइप टाकलाय. कुणी म्हणालं, इस्पितळापासून. इस्पितळाची बातमी जास्त चालली, कारण तिच्यात रुग्ण होते.

तक्रार कुणी केली, या विचारानं मला घेरलं. आमच्याकडे एखादा दरोडा घालून आला तर त्याला बसायला खुर्ची देतील, पण चहाडी करणाऱ्याला कुणी पाणी विचारणार नाही, पाणीकपात नसतानाही. आणि माझ्यावर चोवीस तास नजर कुणाची? कुंपणाला टेकलेल्या माणसाची. मी मर्वची उसनी आणलेली शिडी गॅरेजमधून काढली आणि त्याच्या दारात नेऊन उभी केली.

"ही घे तुझी शिडी."

मर्व वर बघून म्हणाला, "छताची पन्हळ साफ करून झाली? पानं दिसतायत अजून."

"ती माझी पानं आहेत. राहू देत तिथे."

"काही झालंय का, डेस?"

"तुला माहीत."

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नसेल तर मलाही सांगायचं नाही."

हे वाक्य मी नोएलीनकडून शिकलोय. मर्व शिडी घेऊन आत गेला. त्यानंतर तो कुंपणाला टेकला नाही. कुंपण बरंचसं सरळ झालं, आणि मला ते बघवेना.

गाव मला बोललं असतं तर मी सोसलं असतं. पण एका सकाळी बघतो तर थेल्माच्या फाटकावरची पाटी गायब. स्क्रूंची चार भोकं तेवढी उरली होती. महिला मंडळानं आपल्या अध्यक्षेच्या दारातून पाटी काढून नेली होती. तीस वर्षं जिनं मंडळ चालवलं, पुरात ज्या बाईनं अर्ध्या गावाला सूप वाढलं, तिला एका शब्दानंही न विचारता गावानं पाणीचोर ठरवलं होतं. आणि ते माझ्यामुळे.

"सांगून टाक सगळ्यांना," नोएलीन म्हणाली. "रंगवलंय म्हणून सांग. मिटेल विषय."

"सांगीन. योग्य वेळ येऊ दे."

"ती कधी येणार?"

"लग्नानंतर."

नोएलीननं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी उठून उगाच पन्हळ साफ करायला गेलो. शिडी नव्हती, म्हणून परत आलो.

लग्नाच्या दोन दिवस आधी थेल्मा आली. मी रस्ता ओलांडून तिची बॅग उतरवायला गेलो. ती फाटकात उभी राहून लॉनकडे बघत होती.

"हिरवं आहे," ती म्हणाली.

"हो."

"छान."

तिनं फाटकावरच्या भोकांवरून बोट फिरवलं. "पाटी पडली वाटतं."

"वारा होता."

"हं. वारा." ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. मी काही सांगेन म्हणून तीही थांबली असावी. जुन्या शेजाऱ्यांमध्ये एक सभ्यता असते, तिच्यात माणसं गुदमरून मरतात. शेवटी ती म्हणाली, "बरं, ऊन फार आहे," आणि बॅग घेऊन आत गेली. ती होबार्टला गेली होती त्यापेक्षा बारीक होऊन आली होती.

लग्न दुपार कलल्यावर लागलं. लग्न म्हणून ते झकास झालं. टेगन सुंदर दिसत होती, नवरा मुलगा घामानं निथळत होता, आणि पाद्रीबाईंनी ऊन ओळखून प्रवचन आवरतं घेतलं. पण पाहुणे लॉनच्या कडेकडेनं चालत होते. पाय ठेवायलाच हवा तिथे चवड्यावर ठेवत होते. खुर्च्यांवर बसलेल्यांनी पाय आक्रसून घेतले होते, जणू चोरीच्या मालावर पाय पडला तर आपणही भागीदार होऊ.

खरी गोष्ट पुढे झाली. आमच्या गावात लग्नाचं जेवण महिला मंडळ करतं. प्रत्येक बाई एकेक ताटली आणते, आणि टेबल इतकं भरतं की ग्लास ठेवायला जागा उरत नाही. थेल्मानं अंगणात पांढऱ्या चादरी घालून लांबच्या लांब टेबल मांडलं होतं. त्यावर काय होतं? बाटल्या, बर्फ आणि दुकानातल्या बिस्किटांचे तीन पुडे. मंडळाच्या सगळ्या बायका आल्या होत्या, टोप्या घालून रांगेनं बसल्या होत्या, आणि एकीच्याही हातात ताटली नव्हती.

टेगन थेल्माजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, मंडळाच्या मावश्या काही आणणार होत्या ना?"

"उन्हामुळे, बाळा," थेल्मा म्हणाली. "उन्हात टिकत नाही काही."

ती हसत होती. सकाळपासून ती तशीच हसत होती. बिस्किटाचा एक पुडा उघडून ती ताटलीत गोल मांडायला लागली, नीट, एकावर एक. मी खुर्चीवर चढलो. चमच्यानं ग्लास वाजवला. लोकांना वाटलं, आता हा नवदांपत्याला शुभेच्छा देणार.

"मित्रहो," मी म्हणालो, "हे गवत मेलेलं आहे."

नवऱ्या मुलाचा एक काका ग्लास वर करता करता थांबला.

"मी मारलंय. नोएलीनच्या गुडघ्यांचं मिठाचं पाणी घालून. आणि मेल्यावर रंगवलंय. पाइप नाही, इस्पितळ नाही, थेल्माला कशाची कल्पना नाही. मी बाग मंडळाचा परीक्षक आहे आणि मी शेजारणीच्या लॉनला रंग मारला."

खुर्ची मातीत रुतायला हवी होती, पण माती एवढी कडक होती की मी सगळ्यांच्या डोक्याच्या वर तसाच ताठ उभा राहिलो. ग्लेनिस उठली. लॉनच्या मधोमध आली, स्कर्ट सावरून गुडघ्यांवर बसली आणि तिनं गवताची एक मूठ धरून ओढली. मूठ कसलाही विरोध न करता हातात आली. तिनं ती उलटीपालटी केली, वास घेतला, रुमालावर थुंकी लावून एक पातं पुसलं. रुमाल हिरवा झाला.

"मेलंय," ग्लेनिसनं जाहीर केलं. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "माझी तर दोनच पानं होती, डेस."

"हो," मी म्हणालो. "दोनच होती."

"नक्की मेलंय?" थेल्मानं विचारलं. तिच्या हातात अजून बिस्किट होतं.

"मुळंसुद्धा उरली नाहीत," ग्लेनिस म्हणाली.

"सगळं?"

"सगळं, थेल्मा," मी खुर्चीवरूनच म्हणालो. "एक काडी जिवंत नाही. माझा शब्द."

थेल्मा खाली बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, या वेळी खरं. "देवाची कृपा," ती म्हणाली. "अरे, मला वाटलं तू माझ्यासाठी चोरी करतोयस. तुला तोंडावर कसं विचारणार? फोटो बघितला आणि पाणीखात्याला मीच फोन केला. अध्यक्षेच्या अंगणात पाणी चोरलं जातंय, येऊन बघा म्हणून. होबार्टला एक रात्र झोपले नाही मी."

"तू?" मी म्हणालो.

"मग कोण करणार? घर माझं आहे."

मागच्या रांगेतून मर्वचा आवाज आला, "आणि मी इतके दिवस ती शिडी तपासतोय. म्हटलं, तिच्यात काय खोट निघाली."

मी त्याच्याकडे बघितलं. मर्वनं हात झटकला आणि म्हणाला, "उतर आता खाली. तिसऱ्या पायावर भार देऊ नकोस, ती खुर्ची भाड्याची आहे."

मी उतरलो. ग्लेनिस गुडघे झटकत उभी राहिली. तिनं मंडळाच्या रांगेकडे बघून नुसती मान हलवली, आणि रांगेतल्या सगळ्या बायका एकदम उठून फाटकाबाहेर चालू लागल्या. मला वाटलं, चालल्या घरी. टेगननं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

रस्त्यावर गाड्यांच्या डिक्क्या उघडल्याचे आवाज आले, एकामागून एक. प्रत्येक बाईनं ताटली आणली होती. थेल्माच्या नातीच्या लग्नाला रिकाम्या हातानं येणं त्यांना जमलं नव्हतं, आणि पाणीचोराच्या टेबलावर ताटली ठेवणंही जमलं नव्हतं. म्हणून सगळ्यांनी ताटल्या डिक्कीत ठेवून त्यावर ओले टॉवेल पसरले होते. सँडविचेस वाकली होती. चॉकलेटचे लॅमिंग्टन केक एकमेकांना चिकटून त्यांची एकच वीट झाली होती. ग्लेनिसच्या पाव्हलोव्हा केकवरची साय वितळून फळं ताटलीभर पोहत होती. टेबल भरलं, ग्लास खाली खुर्च्यांपाशी गेले, आणि माणसं लॉनवर धबाधबा पाय टाकत टेबलाकडे निघाली.

ग्लेनिसनं पहिली ताटली थेल्मासमोर धरली.

"वितळलाय जरा," ती म्हणाली.

"दे इकडे," थेल्मा म्हणाली. "दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा भूक लागलीय."

मग ती चमच्यानं खायला लागली. ताटली मी धरली.